कुंतीसमोर सांगता येईल असं कारण

वनपर्वातली यक्षाची गोष्ट सांगताना आपण प्रश्नोत्तरांत रमतो. वाऱ्याहून वेगवान काय, जगातलं सगळ्यांत मोठं आश्चर्य कोणतं, हे कित्येकांना तोंडपाठ असतं. नोकरीत मला मात्र त्या गोष्टीचा पुढचा भाग आठवत राहिला. तळ्याकाठी चार भाऊ मरून पडलेत. यक्ष उत्तरांवर खूश होऊन म्हणतो, यांतला एक उठवतो, कोण ते तू सांग. युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो. यक्षाला कळेना. दहा हजार हत्तींचं बळ असलेला भीम सोडून, ज्याच्या धनुष्यावर सगळ्यांची भिस्त तो अर्जुन सोडून, हा सावत्र भाऊ कशाला? युधिष्ठिराचं उत्तर छोटं आहे. कुंतीचा एक मुलगा, मी, जिवंत आहे. माद्रीचाही एक असू दे.

मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका होते, तिथूनच निवृत्त झाले. हे पद बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. डॉक्टर केसपेपरवर शेरा मारतात आणि नातेवाईक तो कागद घेऊन आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसतात. कोणाला स्टेंट हवा असतो, कोणाला खुब्याचा सांधा, कोणाला बाहेरून आणायला सांगितलेलं केमोचं इंजेक्शन. आमच्याकडे पूअर बॉक्स फंडातली थोडी रक्कम, ट्रस्टांच्या पत्त्यांची जाड वही आणि एक फोन. कोणाचा अर्ज सिद्धिविनायक न्यासाकडे पाठवायचा, कोणाचा मुख्यमंत्री सहायता निधीकडे, कोणाला आधी तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गावी धाडायचं, हे ठरवणं आमचं काम. आणि फंडात शिल्लक आहे ती आज कोणासाठी मोडायची, हेही. डॉक्टर अभिमानाने सांगायचे, आम्ही पेशंटमध्ये निवड करत नाही. खरंच होतं ते. त्यांच्या वतीने ती आम्ही करत होतो.

बाकावरचा पहिला युक्तिवाद कायम भीम-अर्जुनाचा असे. ‘मॅडम, घरात कमावता हा एकटाच आहे.’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा समाजसेवक महाराष्ट्रात सापडणार नाही. त्यात खोटं काही नसतं. रिक्षा चालवणारा चाळिशीचा माणूस वाचला की मागची चार माणसं वाचतात. त्याच रकमेत त्याची आई वाचली तर हिशेबात एकच जीव दिसतो. अर्थशास्त्राची पद्धतही शेवटी अशीच चालते. ब्रिटनमध्ये 1999 साली स्थापन झालेली नाइस ही संस्था एखादं औषध सरकारी सेवेत घ्यायचं की नाही हे ठरवताना, त्या खर्चात धडधाकट आयुष्याची किती वर्षं पदरात पडतात ते मोजते. एका वर्षाला वीस ते तीस हजार पौंडांपर्यंत खर्च साधारण परवडणारा मानला गेला. ही पद्धत मी हसण्यावारी नेणार नाही. ती निदान आपला आकडा छापते.

पण कमावत्याचा युक्तिवाद घरात शिरला की काय करतो तेही त्या बाकासमोर बसूनच दिसतं. सासूबाई स्वतःच म्हणतात, ‘माझं काय आता, नातवाच्या फीला राहू द्या.’ सुनेला आणलेलंच उशिरा असतं. किडनीच्या वॉर्डात तर हिशेब उघडाच पडतो: आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. नवरा बायकोला देताना मीही पाहिलाय, पण त्या दिवशी सिस्टर एकमेकींना बोलावून त्याला दाखवत होत्या. म्हणजे माझ्या टेबलावर अर्ज येण्याआधी घराघरात एक समिती बसून गेलेली असते आणि माद्रीच्या बाजूने तिथे कोणी बोललेलं नसतं. कमावता एकटाच आहे हे वाक्य त्या समितीचा ठराव असतो. त्याच्यावर आम्ही पुन्हा शिक्का मारायचा का?

अमेरिकेतल्या सिएटल शहरात अशी समिती उघड नेमली गेली होती. 1960 साली तिथल्या बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी हातातल्या रक्तवाहिन्यांना कायमची जोडून ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. डायलिसिसचं यंत्र त्याआधीपासून होतं, कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी ते दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये उभं केलं होतं. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे काही दिवसांपुरताच उपयोग. स्क्रिब्नरच्या नळीमुळे मरणाच्या दारातला माणूस वर्षानुवर्षं जगू लागला. त्यांचा पहिला दीर्घकाळचा रुग्ण अकरा वर्षं जगला. 1962 मध्ये केंद्र सुरू झालं तेव्हा जागा मोजक्या आणि रांग लांब. डॉक्टरांनी आपली चाळणी आधी लावली, त्यात मुलं आणि पंचेचाळिशीपुढचे गळाले. उरलेल्यांतून निवडायला सात सामान्य नागरिक: वकील, धर्मगुरू, बँकेतला माणूस, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि किडनीशी संबंध नसलेला एक सर्जन. नावं गुप्त. रुग्ण कधी समोर यायचा नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी त्यांच्यावर लेख लिहिला आणि अमेरिका हादरली. शिक्षण किती, चर्चमध्ये जातो का, मुलं किती, बँकेत शिल्लक किती, हे सगळं तोललं जात होतं. मागे राहणाऱ्या विधवेला दुसरा नवरा मिळण्याची शक्यता किती, इथपर्यंत चर्चा गेली होती. सात भल्या माणसांनी मन लावून काम केलं आणि निवडून आले ते बरेचसे त्यांच्यासारखेच. नंतर टीकाकारांनी लिहिलं की किडनी बिघडलेल्या थोरोसारख्या चाकोरीबाहेरच्या लेखकाला या भागात जागा मिळाली नसती.

टीका योग्य होती. तरी मला त्या सातांचा एक गुण नेहमी दिसतो. आपण निवडतो आहोत, हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे ते कोणाला ठाऊक नसतं, कारण आम्ही कोणाला नाही म्हणतच नाही. आम्ही ‘उद्या या’ म्हणतो. रेशन कार्डावर नाव वेगळं, आधारवर वेगळं, मग अॅफिडेव्हिट आणा. दाखला मागच्या वर्षीचा, नवा आणा. बेड नाही, सोमवारी बघा. सोमवारी मशीन बंद. मराठवाड्यातून आलेला माणूस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर तिथे, नाही तर परळच्या फुटपाथवर राहतो, आणि एक दिवस बाकावर दिसेनासा होतो. त्याला नकार दिल्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. जव्हारकडचा एक मुलगा भावाच्या डायलिसिससाठी येत असे, पहाटेची एसटी, मग लोकल. त्याने एकदा शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, नाही म्हणायचं तर नाही म्हणा. उद्या या म्हणू नका. उद्याच्या भाड्यासाठी मला आज कोणापुढे तरी हात पसरावा लागतो.’

त्याच्या भावाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस हवं होतं. मिळत होतं दोनदा. भारतात हे इतकं सर्रास आहे की रुग्णांना दोनदा हीच पूर्ण मात्रा वाटते. कोणालाही नाकारलं नाही, सगळ्यांना थोडं थोडं कमी दिलं, असं हे वाटप. तिसऱ्या दिवशीचं पाणी छातीत साठतं, रात्री धाप लागते, मग इमर्जन्सीत धावाधाव. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडली असं येतं.

तत्त्वज्ञ म्हणतात, निवडूच नका, चिठ्ठ्या टाका. जॉन टॉरेक यांनी 1977 मध्ये एका निबंधात तर इथवर मांडलं की एका बाजूला पाच जीव आणि दुसऱ्या बाजूला एक असला तरी नाणं उडवणं योग्य, कारण प्रत्येकाला स्वतःचा जीव एकच आणि पूर्ण असतो. निबंध वाचून मला राग आला होता, पण त्यातली दुसऱ्याच्या जिवाबद्दलची अदब खरी आहे. चिठ्ठी निदान चर्चमध्ये जातोस का असं विचारत नाही. आपल्याकडे चिठ्ठीच्या जागी रांग असते आणि रांगेला आपण न्याय समजतो. जो आधी आला त्याला आधी. पण परळला राहणारा आधी येतो आणि विक्रमगडचा नंतर. ज्याच्या ओळखीचा वॉर्डबॉय आहे त्याला नंबर कुठे लावायचा हे कळतं. रांग सुरू होते त्या खिडकीच्या फार आधी ती लागून गेलेली असते.

आता नशिबाबद्दल. बाकावर तो शब्द रोज ऐकू येई. ‘त्याचं तेवढंच होतं लिहिलेलं’ असं म्हणून म्हातारी आई पदराने डोळे पुसते तेव्हा मी कधी वाद घातला नाही. तिला उरलेलं आयुष्य काढायचं असतं आणि त्या वाक्याच्या आधाराने ती ते काढते. मात्र तेच वाक्य टेबलाच्या अलीकडच्या बाजूने उच्चारलं जाऊ लागलं की मला ते चालत नसे. एका तरुण डॉक्टरने राउंडनंतर असंच काहीसं म्हटलं, तेव्हा मी त्याला विचारलं, तिसरं मशीन सहा महिने दुरुस्तीविना पडलंय ते कोणाच्या प्रारब्धात? आपल्या परंपरेने कर्माचा सिद्धान्त सांगितला तो ज्याने त्याने स्वतःला लावून घेण्यासाठी. दुसऱ्याच्या दुखण्यावर तो चिकटवला की त्याची सबब होते. वैद्यकाचे आपले जुने ग्रंथ याहून सरळ आहेत. चरकाने असाध्य रोग हाती घेऊ नये असं स्पष्ट सांगितलंय आणि वैद्याचं धन, विद्या, यश त्यात जातं असं कारणही दिलंय. कारण आवडो न आवडो, समोर आहे. त्याच्याशी भांडता येतं. आणि शिबी राजाचं उदाहरण देणाऱ्या देणगीदारांना मी मनातल्या मनात सांगत असे, की कबुतरासाठी त्याने मांडीचं मांस कापलं ते स्वतःच्या. आम्ही एकाला दिलं की दुसऱ्याचं कापलेलं असतं.

कारण समोर ठेवणं म्हणजे काय, हे मला दोन न्यायालयांच्या निकालांनी शिकवलं. 1992 साली पश्चिम बंगालमध्ये हाकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयं फिरला, कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खासगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने उपचार घ्यावे लागले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. पंचवीस हजार रुपये भरपाई दिली. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या थियागराज सूब्रमनी यांचा खटला उभा राहिला. एक्केचाळीस वर्षांचे, बेकार, मधुमेही, हृदयाचा आजार, किडन्या निकामी. तिथल्या अॅडिंग्टन रुग्णालयाचा नियम असा की ज्यांची किडनी सुधारू शकते किंवा ज्यांचं प्रत्यारोपण होऊ शकतं, त्यांनाच डायलिसिस. ते दोन्हींत बसत नव्हते. घटना न्यायालयाने अर्ज फेटाळला: साधनं मर्यादित आहेत, नियम विचारपूर्वक केलेला आहे, सगळ्यांना सारखा लावलेला आहे. काही दिवसांतच ते वारले.

वाचताना आपला निकाल छातीशी धरावासा वाटतो आणि तो दुसरा निर्दय वाटतो. मलाही तसंच वाटतं. पण आमच्या वॉर्डात 1996 नंतर त्या निकालाने एक खाट वाढली नाही. खाट नाही हे वाक्य तसंच राहिलं, फक्त ते कागदावर लिहायचं नाही एवढी काळजी घेतली जाऊ लागली. सूब्रमनींना नकार मिळाला, पण तो कशामुळे मिळाला हे त्यांना कळलं, त्याविरुद्ध देशाच्या सर्वोच्च जागी जाता आलं, आणि नियम चुकीचा आहे असं म्हणणाऱ्या पुढच्या माणसाला तो नियम वाचता आला. माझ्या बाकावरून नाहीशा झालेल्या माणसाला कोणत्या निर्णयाविरुद्ध अपील करायचं होतं?

पैशाची गोष्टही करायला हवी, कारण पैसे नाहीत असं नसतं. 2021 च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या स्नायूंच्या दुर्मीळ आजारासाठी झोलजेन्स्मा नावाचं परदेशी औषध हवं होतं. किंमत सोळा कोटी. लोकांनी दिले, देशभरातून दिले, आणि केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. मीही थोडे पाठवले होते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाठवीन. पण हिशेब करायची खोड जात नाही. एका डायलिसिसला दीड हजार रुपये धरले, आठवड्याला दोन धरले, तर सोळा कोटींत हजारावर माणसांचं एक वर्ष निघतं. त्या हजारांचा फोटो नसतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने 1987 मध्ये उलटी बाजू अनुभवली. गरीब गरोदर बायकांच्या तपासणीला पैसा पुरावा म्हणून अवयव प्रत्यारोपणाचा खर्च विधिमंडळाने बंद केला. थोड्याच महिन्यांत रक्ताच्या कर्करोगाचा सात वर्षांचा एक मुलगा, त्याच्या प्रत्यारोपणासाठी वर्गणी गोळा होत असतानाच गेला. वाचलेल्या बाळंतिणींची नावं कोणालाच माहीत नव्हती, त्याचं सगळ्यांना माहीत होतं. चेहरा बघून हात सैल होणं हा माणसाचा धर्म आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. लालबागच्या राजाच्या मंडळाने भक्तांच्या पैशातून डायलिसिस केंद्र चालवलंय, तिथे चेहरा देवाचा आणि यंत्रावर कोणीही अनोळखी, हे मला त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटतं. सरकारने मात्र चेहरे बघून कर माफ करू नये. त्याचं काम ज्यांचा फोटो निघाला नाही त्यांच्यासाठी आहे.

अमेरिकेने सिएटलचा पेच पैसे ओतून सोडवला. 1971 मध्ये एका रुग्णाने संसदीय समितीपुढेच यंत्र लावून घेतलं, आणि पुढच्या वर्षी किडनीच्या जवळपास सगळ्या रुग्णांचा खर्च सरकारने उचलायचा कायदा झाला. ही यक्षाची युक्ती. नकुल निवडलास, खूश झालो, चौघेही घे. आपल्या गोष्टी अशा संपतात म्हणून त्या आपल्याला आवडतात. आपल्याकडेही 2012 पासून आधी राजीव गांधींच्या आणि मग महात्मा फुल्यांच्या नावाने आरोग्य योजना आली, डायलिसिस तिच्यात आलं, पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती ती 2023 मध्ये सगळ्यांना लागू करायचा आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करायचा निर्णय झाला. आनंदच आहे. पण यंत्रं, तंत्रज्ञ, किडनीतज्ज्ञ आणि जव्हारहून येणारी एसटी यांची संख्या शासननिर्णयाने वाढत नाही. कार्डावर पाच लाख असलेला माणूस ‘सोमवारी बघा’ ऐकतोच आहे.

वाटप टळत नाही. मग ते कसं करायचं याचे नमुने आपल्याकडेच आहेत. मेंदू मृत झालेल्या दात्याची किडनी मुंबईत कोणाला जाईल हे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीची यादी ठरवते: रक्तगट, डायलिसिसवर किती काळ काढला, अशा लिहिलेल्या निकषांवर. त्या यादीत नाव घालायलाच आधी तपासण्यांचे पैसे लागतात, हा तिचा मोठा दोष. पण यादीतल्या माणसाला आपण कितवे आणि का, हे विचारता येतं. कोविडमध्ये महापालिकेने चोवीस वॉर्डांत वॉर रूम उघडल्या, आणि खाट ओळखीवर न मिळता आजाराच्या गांभीर्यावर मिळावी असा प्रयत्न केला. सगळीकडे साधला नाही. तरी त्या काळात मला कितीतरी बड्या लोकांचे फोन आले की वॉर रूम ऐकत नाहीये, काहीतरी करा. ती तक्रार ऐकून बरं वाटलं होतं.

युधिष्ठिराच्या निवडीचं कौतुक समतेसाठी होतं. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. यक्षाने का असं विचारलं आणि त्याने सांगितलं. ते कारण असं होतं की दोन मुलगे गमावून बसलेल्या कुंतीच्या तोंडावरही सांगता आलं असतं. ती रडली असती, कदाचित शापही दिला असता, पण आपल्याला फसवलं असं तिला म्हणता आलं नसतं. बँकेत शिल्लक बघून निवडलं, हे हरलेल्याच्या बायकोला सांगता येत नाही. ओळखीचा होता म्हणून, हे सांगता येत नाही. तुमच्यापेक्षा याला बरं होण्याची आशा जास्त आहे, हे सांगता येतं, फार जड जातं पण येतं. तो तुमच्याआधी दोन वर्षं थांबलाय, हेही येतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि तिला अर्थसंकल्पात वेगळी तरतूद लागत नाही. सरकारी, महापालिकेच्या आणि धर्मादाय रुग्णालयात पैसे, खाट किंवा मशीन नाकारलं गेलं, तर त्याच दिवशी, मराठीत, सही-शिक्क्यानिशी लेखी कारण द्या आणि तक्रार कोणाकडे करायची ते खाली लिहा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, ही उच्च न्यायालयाची योजना 2006 पासून आहे. त्यांतल्या किती आज रिकाम्या आहेत ते दारावरच्या फळ्यावर लिहा. आणि तुम्ही बाकावर बसलेले असाल, तर ‘उद्या या’ ऐकून उठू नका. नकार मागा, कागदावर मागा.